निकाल कसा वाचायचा: देसाईगंजचा खटला आणि चार कायदेशिक्षकांचं पत्र



'पेट'ची तयारी करणारी आणि एलएल.एम.ला असलेली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: केस कॉमेंट लिहायची म्हणजे नेमकं काय करायचं? सोबत बहुतेकदा स्वतःचा एक नमुनाही पाठवतात. त्यात आधी वस्तुस्थिती, मग मुद्दे, मग दोन्ही वकिलांचे युक्तिवाद, मग निकाल, आणि शेवटी 'अशा प्रकारे हा निकाल ऐतिहासिक ठरतो' असं एक वाक्य. हसू नका, पहिल्या वर्षी मीही अगदी असंच लिहिलं होतं. गाईडनी ते वाचलं आणि समासात एवढंच लिहिलं: "कोर्टाचं म्हणणं कळलं. तुझं कुठे आहे?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला एका जुन्या खटल्यात सापडलं. खटला आपल्या विदर्भातलाच आहे. नांदुरा पश्चिम टोकाला, तर देसाईगंज, म्हणजे वडसा, पार पूर्वेकडे. पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं अपील असो की तिकडचं, उच्च न्यायालयात जायचं तर दोघांनाही नागपूर खंडपीठच गाठावं लागतं. देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ साली तो जिल्हा झालेला नव्हता, सगळा भाग चंद्रपूरमध्येच होता.

खटल्याचं अधिकृत नाव 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १५ सप्टेंबर १९७८ चा. पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत हा खटला त्यातल्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. मी ते नाव इथे घेणार नाही. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरवणारं कलम ज्या कायदेबदलात आलं, तो बदल याच खटल्यामुळे सुरू झाला. तेव्हा निदान त्यावर लिहिताना तरी आपण ते पाळावं, असं मला वाटतं. तुमच्या प्रबंधातही अधिकृत शीर्षकच वापरा.

आता वस्तुस्थिती, थोडक्यात. मुलगी आदिवासी, लहानपणीच आईवडील गेलेले, भावाबरोबर राहून मजुरी करणारी. जिथे ती कामाला जायची, त्या घरच्या नातलग मुलाशी तिचं जुळलं. भावाला ते पटलं नाही. तिला पळवल्याची तक्रार त्याने ठाण्यात दिली. २६ मार्च १९७२ च्या रात्री सगळ्यांना ठाण्यात बोलावून जबाब घेतले गेले. साडेदहाच्या सुमारास जबाब घेणारा अंमलदार, 'मुलीच्या जन्मनोंदीची नक्कल आणून द्या' असं भावाला सांगून, घरी गेला. बाकीचे बाहेर पडू लागले तेव्हा तिला तेवढं थांबवून घेतलं. दार बंद झालं, दिवा मालवला गेला. पुढचा आरोप असा, की शिपायाने ठाण्याच्या आवारात तिच्यावर बलात्कार केला आणि नंतर हेडकॉन्स्टेबलने तिच्याशी लैंगिक चाळे केले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वैद्यकीय तपासणी झाली. अंगावर जखम नव्हती. वयाचा अंदाज १४ ते १६ वर्षं.

इथे थांबा आणि वहीत तीन रकाने आखा. तीन न्यायालयांनी साधारण हीच वस्तुस्थिती पाहिली. कुणी काय केलं ते समोरासमोर मांडा. निकाल वाचण्याची याहून चांगली सवय मला माहीत नाही.

पहिला रकाना, चंद्रपूरचं सत्र न्यायालय, १९७४. संभोग झाला हे मान्य, पण बलात्कार सिद्ध झाला नाही. मुलीचं वय सोळाच्या खाली आहे, हे सिद्ध झालं नाही. तिला आधीचा लैंगिक अनुभव होता आणि ती खोटं बोलते आहे, असा न्यायालयाचा सूर. दोघेही सुटले. (जन्मनोंदीची ती नक्कल आठवली का? सोळा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत तेव्हाच्या कायद्यानुसार संमतीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. म्हणजे एका कागदावर केवढं अवलंबून होतं पाहा. खेड्यापाड्यातल्या मजुराच्या घरात तो कागद असण्याची शक्यता किती, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको.)

दुसरा रकाना, मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, ऑक्टोबर १९७६. पुरावा तोच, पण वाचन वेगळं. आरोपी तिला पूर्ण अनोळखी. ठाणं त्यांचं, रात्रीची वेळ, भावाची तक्रार त्यांच्याच हातात. अशा ठिकाणी तिने आपणहून पुढाकार घेतला असेल हे संभवत नाही. आणि भीतीपोटी निमूटपणे सोसणं म्हणजे संमती नव्हे. शिपायाला पाच वर्षं सक्तमजुरी, हेडकॉन्स्टेबलला विनयभंगाबद्दल एक वर्ष.

तिसरा रकाना, सर्वोच्च न्यायालय. न्यायमूर्ती जसवंत सिंग, कैलासम आणि कोशल यांचं पीठ, निकालपत्र कोशल यांचं. अंगावर जखमा नाहीत, त्याअर्थी तिने जोराचा प्रतिकार केल्याची गोष्ट खरी नाही. आरडाओरडा केल्याचं म्हणणंही रचलेलं. भाऊ आणि ओळखीची माणसं जवळ असताना ती पोलिसांना एवढी घाबरली असेल, हे पटण्यासारखं नाही. दोघेही निर्दोष.

बहुतेक केस कॉमेंट इथून थेट 'हा निकाल अन्यायकारक आहे' या वाक्यावर उडी मारतात. वाक्य खरं आहे हो, पण त्याने प्रबंध होत नाही. तुम्हाला दाखवावं लागतं ते हे, की तर्काची कुठली पायरी निसटली.

त्याआधी न्यायालयाचा सर्वांत भक्कम मुद्दा स्वतः मांडून बघा. तो असा आहे: फौजदारी खटल्यात गुन्ह्याचा प्रत्येक घटक सरकार पक्षाने सिद्ध करायचा असतो, संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. संमती नव्हती हा बलात्काराचा घटक आहे. साक्षीतला प्रतिकाराचा आणि ओरडण्याचा भाग टिकला नाही, तर उरलेल्या परिस्थितीवरून 'संमती नव्हतीच' असं ठामपणे म्हणता येईल का? हा मुद्दा फालतू नाही. उद्या तुमच्या ओळखीतला एखादा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असेल, तेव्हा तुम्हालाही हेच तत्त्व हवं असेल. जो विद्यार्थी हा परिच्छेद प्रामाणिकपणे लिहू शकत नाही, त्याच्या टीकेवर परीक्षक विश्वास ठेवत नाहीत.

आता पायरी शोधू. त्या वेळच्या भारतीय दंड संहितेत कलम ३७५ ची पाच पोटकलमं होती. पहिलं, स्त्रीच्या इच्छेविरुद्ध. दुसरं, तिच्या संमतीवाचून. तिसरं, संमती आहे, पण ती मृत्यूची किंवा दुखापतीची भीती घालून मिळवलेली. चौथं तोतया नवऱ्याबद्दल, पाचवं वयाबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने काय केलं? उच्च न्यायालय 'भीतीपोटी' असं म्हणतंय ना, मग ती भीती तिसऱ्या पोटकलमात बसायला हवी, म्हणजे मृत्यूची किंवा दुखापतीची असायला हवी. तसा निष्कर्ष उच्च न्यायालयाने काढलेला नाही. म्हणून संमती शाबूत.

परत एकदा सावकाश वाचा. तिसऱ्या पोटकलमाचं दार कधी उघडतं? संमती दिली गेली आहे, हे आधी ठरलं तर. ती दिली होती की नव्हती, हा प्रश्न दुसऱ्या पोटकलमाचा. उच्च न्यायालय त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलत होतं: सोसलं, पण होकार दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र तिसऱ्याच्या मापाने दुसरं मोजलं. जखम नाही म्हणून प्रतिकार नाही, प्रतिकार नाही म्हणून संमती आहे, आणि संमती आहे तर भीती कुठली ते दाखवा. या साखळीतली मधली कडी, प्रतिकार नाही म्हणजे संमती आहे ही, कायद्याच्या शब्दांत कुठेच नव्हती. ती वाचणाऱ्यांच्या डोक्यात होती.

ही कडी सर्वांसमोर उघडी केली ती चौघांनी: दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार, रघुनाथ केळकर, आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. चौघेही कायद्याचे शिक्षक-अभ्यासक. त्यांनी भारताच्या सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पत्राची तारीख १६ सप्टेंबर १९७९, म्हणजे निकालानंतर एक वर्ष आणि एक दिवस. तेव्हा सरन्यायाधीश होते यशवंत विष्णू चंद्रचूड.

संशोधनाच्या दृष्टीने ते पत्र मी निदान चार-पाच वेळा वाचलं असेल. लांबी थोडीच, पानोपानी तळटिपा नाहीत. पण बांधणी बघण्यासारखी आहे. एक म्हणजे, ते निकालाने नोंदवलेल्या वस्तुस्थितीच्या बाहेर जात नाहीत. नवे साक्षीदार आणत नाहीत, अफवा नाहीत. मुलीचं वय, तिची मजुरी, बंद दार, मालवलेला दिवा, हे सगळं निकालपत्रातच आहे. ते फक्त विचारतात की तर्क करताना हे गेलं कुठे? दोन पोलिसांनी ठाण्यात अडवलेल्या एवढ्याशा मुलीने मदतीसाठी यशस्वीपणे आरडाओरडा करावा, अंगावर वळ उठतील इतकी झुंज द्यावी, अशी न्यायालयाची अपेक्षा आहे का, असा त्यांचा थेट सवाल. दुसरं म्हणजे संमती आणि शरणागती यांतला भेद. संमतीत शरणागती असते, पण प्रत्येक शरणागतीत संमती नसते. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते. ते न्यायालयाला न्यायालयाचाच आरसा दाखवतात. त्याच वर्षी, एप्रिल १९७८ मध्ये, नंदिनी सत्पथी खटल्यात याच सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीला चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावण्यावर कडक शब्दांत नापसंती दाखवली होती. पाचच महिन्यांनी, रात्री ठाण्यात थांबवून घेतलेल्या मुलीच्या खटल्यात त्या नापसंतीचा एक शब्दही नसावा?

याला मी 'मौनाचा शोध' म्हणतो. निकाल काय बोलतो हे सगळेच लिहितात. तो कशाबद्दल गप्प आहे, हे शोधायला त्या काळाचे इतर निकाल माहीत असावे लागतात. तुमच्यासाठी दोन धडे देऊन ठेवतो. पंजाब उच्च न्यायालयाचा 'राव हरनारायण सिंग' हा १९५८ साली प्रसिद्ध झालेला निकाल वाचा. असहाय शरणागती म्हणजे संमती नव्हे, हे त्यात वीस वर्षं आधीच नीट मांडलेलं होतं. तो सर्वोच्च न्यायालयावर बंधनकारक नव्हता हे खरं, पण दखल घेण्याजोगा नक्की होता. दुसरा धडा, दंड संहितेचं कलम ९०: क्षतीच्या भीतीने दिलेली संमती ही संमतीच नव्हे. 'क्षती'ची व्याख्या कलम ४४ मध्ये आहे आणि तिच्यात शरीराबरोबर मन, लौकिक आणि मालमत्ता यांचीही हानी येते. म्हणजे 'मृत्यू किंवा दुखापत' यापेक्षा बरंच रुंद दार. हे कलम लावलं असतं तर निकालाचं काय झालं असतं, यावर दोन पानं लिहून बघा.

"पण सर, कोर्टावर टीका केली तर अवमान होत नाही का?" हाही नेहमीचा प्रश्न. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१, कलम ५ पाठ करून ठेवा. अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणावगुणांवर रास्त भाष्य करणं हा अवमान नाही. तर्कावर बोला, न्यायाधीशांच्या हेतूवर नको. त्या चौघांनीही सरन्यायाधीशांना उद्देशून अदबीने, पण एकही मुद्दा न गिळता लिहिलं.

अमेरिकेत ही परंपरा आपल्यापेक्षा जुनी आहे. तिथल्या विद्यापीठांची कायदा-नियतकालिकं बहुतेक विद्यार्थीच संपादित करतात. हार्वर्डचं १८८७ पासून चालू आहे. तिकडचं एक उदाहरण आपल्या खटल्याशेजारी ठेवण्यासारखं आहे. 'रॉबर्सन विरुद्ध रोचेस्टर फोल्डिंग बॉक्स कंपनी', न्यूयॉर्कचं सर्वोच्च अपील न्यायालय, १९०२. एका तरुण मुलीचा फोटो तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापला गेला, सुमारे २५,००० प्रती. ती कोर्टात गेली आणि ४ विरुद्ध ३ अशी हरली. खाजगीपणाचा असा हक्क कायद्यात नाही, म्हणाले. त्याआधी बारा वर्षं वॉरन आणि ब्रँडाइस यांनी हार्वर्डच्या नियतकालिकात याच हक्कावर लेख लिहिलेला होता, आणि तरीही. निकालावर एवढी टीका झाली की बहुमतातल्या एका न्यायाधीशांनी कोलंबियाच्या कायदा-नियतकालिकात लेख लिहून स्वतःची बाजू मांडली. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने कायदा केला: जाहिरातीसाठी कुणाचं नाव किंवा फोटो लेखी संमतीशिवाय वापरायचा नाही. आणि १९०५ मध्ये जॉर्जिया राज्याच्या न्यायालयाने, 'पॅवेसिच' खटल्यात, कायद्याची वाट न बघता तो हक्क मान्यच करून टाकला.

आणखी एक नाव लक्षात ठेवा, जॉन हार्ट इली. गर्भपाताच्या हक्काचा 'रो विरुद्ध वेड' निकाल १९७३ चा. इली यांना धोरण म्हणून तो परिणाम मान्य होता, आणि तरीही त्याच वर्षी त्यांनी येलच्या नियतकालिकात लिहिलं की राज्यघटनेतून तो निघतो कसा, हे न्यायालयाने दाखवलेलंच नाही. २०२२ मध्ये 'डॉब्स' निकालाने 'रो' उलथवला तेव्हा बहुमताने इलींचाच आधार घेतला. आपल्याला आवडलेल्या निकालाच्या तर्कातलं भोक दाखवायचं की नाही, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. मी दाखवण्याच्या बाजूचा आहे, पण त्याची किंमत कुणी मोजली हेही मला दिसतं.

परत देसाईगंजकडे. पत्रानंतर काय झालं? १९८० च्या सुरुवातीपासून मुंबई, दिल्ली, पुणे, नागपूर अशा शहरांत महिला संघटना रस्त्यावर आल्या. निकालाच्या फेरविचाराची मागणी झाली, पण निकाल बदलला नाही. विधी आयोगाने एप्रिल १९८० मध्ये ८४ वा अहवाल दिला. आणि डिसेंबर १९८३ मध्ये फौजदारी कायदा दुरुस्ती लागू झाली. पोलिसांच्या किंवा अन्य ताब्यातल्या स्त्रीवरील बलात्कार हा वेगळा, जास्त शिक्षेचा प्रकार ठरला. पीडितेची ओळख उघड करण्यावर बंदी आली. पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं: अशा ताब्यातल्या प्रकरणात संभोग सिद्ध झाला आणि स्त्रीने न्यायालयात सांगितलं की संमती नव्हती, तर न्यायालयाने ती नव्हती असंच गृहीत धरायचं.

'लेखणीने कायदा बदलला' असं म्हणून बहुतेक लेख इथे संपतात. तुम्ही संपवू नका. पत्राने दाखवलेली चूक आणि १९८३ ची दुरुस्ती शेजारी ठेवा. ११४-अ ने सिद्धतेचा भार हलवला, म्हणजे न्यायालयाच्या त्या सर्वांत भक्कम मुद्द्याला उत्तर दिलं, पण मुख्यतः ताब्यातल्या प्रकरणांपुरतं. मधल्या कडीचं काय? प्रतिकार नाही म्हणजे संमती आहे, या समजुतीला संहितेतून उत्तर मिळालं २०१३ मध्ये, दिल्लीच्या घटनेनंतर आणि न्या. वर्मा समितीच्या अहवालानंतर. तेव्हा कलम ३७५ मध्ये संमतीची व्याख्या आली, आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येणार नाही, हेही लिहिलं गेलं. १९७९ ते २०१३. चौतीस वर्षं. मधल्या काळात शेतात, घरात, कारखान्यात घडलेल्या आणि कोर्टात पोचलेल्या प्रकरणांत 'जखम कुठे आहे' हा प्रश्न विचारायला वाव राहिलाच. पीएच.डी.साठी विषय शोधत असाल तर नागपूर खंडपीठाचे १९८३ ते २०१३ मधले निकाल घ्या आणि जखमांचा उल्लेख कुठल्या परिच्छेदात, कशासाठी येतो ते बघा. मला वेळ असता तर मीच केलं असतं.

सत्र न्यायालयाच्या निकालातल्या 'आधीचा लैंगिक अनुभव' या मुद्द्याचाही पाठपुरावा करता येतो. स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवू देणारं पुरावा कायद्यातलं कलम १५५(४) २००२ च्या दुरुस्ती कायद्याने वगळलं गेलं. 'टू-फिंगर टेस्ट' ही अशास्त्रीय तपासणी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चुकीची ठरवली, आणि तरी ती चालू राहिल्यामुळे २०२२ मध्ये पुन्हा ठणकावून सांगावं लागलं. तो २०२२ चा निकाल न्या. धनंजय चंद्रचूड यांचा. १९७९ चं पत्र ज्यांच्या नावे गेलं होतं, त्यांचे हे चिरंजीव.

संदर्भ देताना आता नवी कलमं वापरा, नाहीतर परीक्षक पहिल्याच पानावर पकडतील. १ जुलै २०२४ पासून बलात्काराची व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये, ओळख उघड करण्याची बंदी कलम ७२ मध्ये, आणि ११४-अ ची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२० ने घेतली आहे. जुन्या निकालावर लिहिताना मात्र त्या दिवशी लागू असलेलाच मजकूर समोर ठेवा. आजची व्याख्या १९७८ च्या न्यायाधीशांच्या डोक्यावर मारणं हा आळस आहे. आपली टीका त्यांच्या हातात होत्या त्याच शब्दांवर उभी राहते, आणि म्हणून टिकते.

साहित्य मिळत नाही, ही सबबही आता चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट आहेत. काहींचं मराठी भाषांतरही आहे. नांदुऱ्याच्या स्टेशनवर पॅसेंजरची वाट बघत मोबाईलवर वाचता येतात. भाषांतर समजून घ्यायला वापरा, उद्धृत करताना मूळ इंग्रजी मजकूर ताडून बघा. 'संमती', 'इच्छा', 'शरणागती' यांत एका शब्दाची गफलत झाली तर सगळं भाष्य कोसळतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच दुरुस्तीने बदलली नाही. फौजदारी कायदा मागच्या तारखेपासून लावता येत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद २० तसं सांगतो. तो शिपाई आणि तो हेडकॉन्स्टेबल १५ सप्टेंबर १९७८ ला निर्दोष सुटले, ते सुटलेलेच राहिले.

तर या आठवड्याचं काम: निकालपत्र आधी वाचा, पत्र नंतर. मधे निदान एक रात्र जाऊ द्या. तर्काची पायरी कुठे निसटली हे तुमचं तुम्ही एका परिच्छेदात लिहा, आणि मगच त्या चौघांनी काय लिहिलंय ते उघडा. तुम्हाला वेगळीच पायरी सापडली तर मला जरूर कळवा.